डावीकडचा ब्रेक

आत्या कुठेही बसली तरी तिचे पाय गाडीतच असायचे. रिक्षावाला सिग्नलजवळ वेग कमी करीना, की मागच्या सीटवर बसलेल्या आत्याचा उजवा पाय खाडकन जमिनीवर दाबला जायचा. टीव्हीवर कुणी पळत रस्ता ओलांडायला लागलं की सोफ्यावर बसून ब्रेक. माझ्या चुलतभावाच्या लग्नात नवरानवरी हार घालायला पुढे झाले, तेव्हाही शेजारच्या खुर्चीखालून धप्प असा आवाज आला. मी वळून बघितलं तर आत्या म्हणाली, "फार फास्ट येत होता गं."

तिचा तरी काय दोष? डोंबिवलीत तिची ड्रायव्हिंग स्कूल होती आणि जवळजवळ तीस वर्षं ती गाडीत डावीकडे बसली. शिकवायच्या गाडीत डावीकडेही क्लच आणि ब्रेक असतो. शिकणारा गडबडला की शिकवणारा आपल्या बाजूने दाबतो आणि सगळे वाचतात. आत्याने किती जणांना वाचवलं याची गणती नाही. गाडी सुरू होण्याआधी ती डोळे मिटून मनात त्रिशरण म्हणायची. नव्या बायकांना वाटायचं, मॅडमच घाबरल्यात, आता आपलं काय होणार. पण एकदा गाडी निघाली की तिचा आवाज कधी चढला नाही. कुणी हॉर्न वाजवून अंगावर आलं तर म्हणायची, "जाऊ दे त्याला. रस्ता सगळ्यांचा आहे, फक्त एकाच वेळी नाही."

मलाही तिनेच शिकवलं. मी फिजिओथेरपिस्ट, घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम करून घ्यायचे. गाडीशिवाय ते काम जमण्यासारखं नव्हतं. आणि मग माजिवड्याच्या पुलावर एका टेम्पोने मागून ठोकलं. गाडी गरकन फिरून कठड्याला टेकली. कुणाला फारसं लागलं नाही, मला तर खरचटलंही नाही. पण त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला की तळहाताला पाणी सुटायचं. दुरुस्त होऊन आलेली गाडी मी विकून टाकली. पेशंट एकेक करून सुटले, जवळपास रिक्षाने जाता येईल तेवढेच उरले. घरच्यांनी खूप समजावलं. आत्याने मात्र एक अक्षर काढलं नाही, आणि मला त्याचाच थोडा राग आला होता.

त्याच सुमारास तिने स्कूल तिच्या एका जुन्या विद्यार्थिनीला दिली. डावा गुडघा फार दुखायला लागला होता. आता आत्या निवांत घरी बसेल, अशी सगळ्यांची समजूत. तर हिने एक दिवस जाहीर केलं, की ती स्पोर्ट्स कार घेणार. जपानी बनावटीची, दोन दारांची, लाल. जुनी, दीड लाख किलोमीटरच्या पुढे चाललेली.

"ताई, अगं दवाखान्यात जायला गाडी हवी, की उडायला?" बाबांनी कपाळाला हात लावला.

"सगळा जन्म सेकंड गिअरमध्ये गेला माझा," आत्या म्हणाली. "पाचवा कसा असतो ते बघू दे ना."

"पण दीड लाख किलोमीटर?"

"चाललेली गाडी बरी असते रे. उभी राहिलेली खराब होते."

हे बोलताना तिने माझ्याकडे बघितलं नाही, म्हणून मीही ते मनावर घेतलं नाही.

गाडी होती नौपाड्यातल्या एका तरुण इंजिनिअरची. तो परदेशी निघाला होता. बघायला आत्याने मला आणि हरेशदादाला बरोबर नेलं. हरेशदादा बाळकूमचा आगरी, माजिवड्याला त्याचं गॅरेज. स्कूलच्या गाड्या तोच बघायचा. आम्ही पोचलो तर गाडी पुसून चकाचक. मालक चावी फिरवणार, इतक्यात आत्याने बॉनेटवर हात ठेवला आणि लगेच उचलला.

"आम्ही येणार म्हणून तापवून ठेवलीत का?"

तो बिचारा लाजला. थंड असली की जरा खाकरते, म्हणाला. "मग ते खाकरणंच ऐकायला आलोय आम्ही," असं म्हणून आत्या सरळ त्याच्या घरात जाऊन बसली. त्याच्या आईने चहा केला, मग पोहे केले. गप्पा माहेरच्या गावापर्यंत पोचल्या. सकाळची दुपार झाली, तेव्हा कुठे इंजिन पुरतं थंड झालं. आत्याने त्या मुलाला चावी फिरवायला सांगितली आणि स्वतः गाडीमागे कान देऊन उभी राहिली. गाडी दोनदा खाकरली आणि मग एका सुरात लागली. आत्याने हरेशदादाकडे बघितलं, त्याने मान हलवली. गाडी तिथून थेट त्याच्या गॅरेजला गेली.

मग सुरू झाले टर्बोचे रविवार. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. तो बसवला की गाडीला नवा जोर येतो. दर रविवारी आत्या मला घेऊन माजिवड्याला जायची, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून पाय हलवत बेत करायची. मोठा सायलेन्सर लावायचा, रेडिएटर नवा घालायचा, मग टर्बो. तिचे डोळे असे चमकायचे की मीही त्यात ओढली गेले. घरी आल्यावर मोबाईलवर टर्बोचेच व्हिडिओ बघत बसायचे. हरेशदादाने इंजिन तपासलं, चारही सिलेंडर ठणठणीत निघाले. पण त्याने एक अट घातली. टर्बोने इंजिनावर ताण येतो. तेव्हा आधी काही महिने गाडी नीट चालवून बघायची, तापते का, तेल पिते का. त्याशिवाय तो इंजिन उघडणार नव्हता.

"बरोबर आहे," आत्या म्हणाली. "पण माझा गुडघा क्लच दाबत नाही. हिलाच चालवावी लागेल."

मी साफ नाही म्हटलं. आत्याने वाद घातला नाही. पुढच्या रविवारी गेलो तर गाडीत डावीकडे दोन पेडल! स्कूल देताना एका गाडीतले तिने काढून आणले होते आणि हरेशदादाकडून इथे बसवून घेतले होते. कडेचं रबर झिजलेलं, मी शिकले तेव्हाचेच ते.

"ब्रेक माझ्या पायाखाली आहे," आत्या आत बसत म्हणाली. "तुला फक्त गाडी चालवायचीय."

खरं सांगते, त्या दोन पेडलांकडे बघून मला रडू आलं. मी चावी फिरवली. गॅरेजसमोरच्या सर्व्हिस रोडवर गाडी पुन्हा पुन्हा बंद पडली. मागून शिव्या येत होत्या. "पडू दे बंद," आत्या म्हणाली, "परत चालू करायला तर चावी दिलीय तुला." आम्ही तेवढ्याच रस्त्यावर कितीतरी फेऱ्या मारल्या. पुढे घोडबंदर रोड आला, मग कल्याण-शीळ रस्ता. अचानक कुणी आडवं आलं की गाडी वेळेवर थांबायची, आणि डावीकडून तो ओळखीचा धप्प आवाज यायचा. मी निर्धास्त व्हायचे. शिकताना तिने तिकडे ब्रेक दाबला की माझ्या पायाखालचाही आपोआप खाली जायचा. या गाडीत तसं कधी जाणवलं नाही, पण माझा पाय तरी ब्रेकवरून कधी हलत होता?

एका रविवारी तिने माजिवड्याच्या पुलावर घ्यायला सांगितलं. माझे हात भिजले. तो कठडा आला आणि नेमकी पुढची बस घसटत थांबली. आरशात मागे टेम्पो. गाडी जागच्या जागी, अगदी अलगद थांबली. मागचा टेम्पोही थांबला. काहीच झालं नाही. पुलाखाली उतरल्यावर मी गाडी कडेला घेतली आणि म्हटलं, "थँक्यू आत्या."

ती बाहेर बघत होती. "माझा पाय इथेच होता," ती म्हणाली. "चल, भूक लागली मला."

घोडबंदरचे पेशंट मी परत घ्यायला लागले, आधी आत्याला शेजारी बसवून, मग कधीतरी एकटीनेच. पावसाळा सरल्यावर आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. तिचा मुलगा नाशिकला असतो, तो तिला तिकडेच घेऊन गेला, राहायलाच. निघताना मी तिच्या गळ्यात पडून रडत होते आणि ती म्हणत होती, "टर्बोचं विसरू नकोस. या इंजिनात दम आहे अजून."

मागच्या आठवड्यात मी गाडी हरेशदादाकडे नेली. काही महिने चालवून झाली होती. ना तापली, ना तेल प्यायली. टर्बो लावायचा तर उगाच वजन नको, म्हणून म्हटलं, आधी ते डावीकडचे पेडल काढून टाक. त्याने वाकून दोन स्क्रू फिरवले आणि पेडल उचलून माझ्या हातात दिले. त्यांना खऱ्या ब्रेक-क्लचशी जोडणारी ना तार होती, ना दांडी. नुसते पत्र्यावर ठोकलेले.

"याची तार कुठेय?"

"तार नव्हतीच गो," हरेशदादा हात पुसत म्हणाला. "आत्यानी सांगलेला, नुसते ठोक, तार जोरू नको."

मी तिथेच उभं राहून आत्याला फोन लावला. ती नव्या गुडघ्याने घरात फेऱ्या मारत होती, धापा टाकत बोलली.

"अगं, दोन दारांच्या गाडीला ती तार बसत नाही."

"आत्या! मग पुलावर ब्रेक कुणी मारला?"

"तूच. दुसरं कोण होतं तिथे?"

"आणि तुझा तो गुडघा? क्लच दाबत नव्हता ना? दिवसभर तर दोन्ही पायांनी ठोकत होतीस तू खाली."

"ते तुला कळायला हवं होतं," आत्या म्हणाली. "व्यायाम तू शिकवतेस."

मी फोन ठेवला आणि हसायला लागले, ते थांबेचना. हरेशदादा विचारत होता, काय ते एकदा सांग, इंजिन उघडायचं की नाही. उघड म्हटलं. आणि पेडल त्याच्या हातात परत देऊन, होते तिथेच ठोकून ठेवायला सांगितले. पुढच्या महिन्यात आत्या राहायला येतेय. नव्या टर्बोवर तिला पाचव्या गिअरमध्ये फिरवायचं आहे, आणि तेव्हा तिच्या पायांना दाबायला काहीतरी लागेलच.