मशीन बंद, मीटर चालू

तीस वर्षं तिने लोकांच्या घरची मीटरं वाचली. उन्हात, पावसात, भुंकणाऱ्या कुत्र्यांना चुकवत, जिन्याखालच्या अंधारात मान वाकडी करून. वीज कार्यालयाच्या पगारपत्रकावर तिचं काहीतरी नाव होतं, पण गल्लीत ती मीटरबाई. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी ते काही सुटलं नव्हतं. नवराही चिडवायच्या लहरीत असला की तीच हाक मारायचा.

नवरा पॉलिशवाला. कपाटं, खुर्च्या, दरवाजे घासून चमकवण्यात त्याचं आयुष्य गेलं आणि त्या भुशाने, त्या रसायनांच्या वासाने त्याची फुप्फुसं खाल्ली. दीड वर्षापूर्वी डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवायला सांगितलं. गुडघ्याएवढा डबा, खाली चाकं. हवा आत ओढायचा, गाळायचा आणि पातळ नळीतून नाकाशी सोडायचा. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत त्याची घरघर चालू. घरघरीची सवय झाली, बिलाची होईना. ते दुपटीवर गेलं होतं.

म्हणून मीटरबाईने छपरावर सोलर बसवायचं ठरवलं.

ही बातमी कळताच धाकटा दीर रविवारी सकाळीच हजर झाला. बँकेच्या कर्ज विभागात त्याची हयात गेली होती, आणि कोणी पैसे खर्च करायचं म्हटलं की त्याला आधी त्यातला धोका दिसायचा. सोबत फाईल होती.

"वहिनी, मी सगळं काढून आणलंय. सरासरी घराला सोलर परवडत नाही."

"भावोजी, मी हजारो घरांची मीटरं वाचली. सरासरी घर कुठल्या गल्लीत आहे ते मला अजून सापडलं नाही."

"हसण्यावारी नेऊ नका. त्या गॅरेजवाल्याचं काय झालं? बसवलं, बिल वाढलं, शेवटी काढून टाकलं. आणि पैसे वसूल व्हायला आठ-दहा वर्षं लागतात. तोपर्यंत तुम्ही दोघं..." तो मध्येच थांबला.

"बोल की," खुर्चीतून नवरा म्हणाला. एका श्वासात त्याचे तीन-चारच शब्द बसत. "आम्ही मरू... एवढंच ना? नळी नाकात आहे... कानात नाही."

दिराने फाईल मिटली. मीटरबाईने आपली वही उघडली. तिचं गणित साधं होतं. बहुतेक घरं दिवसा ओस असतात आणि वीज संध्याकाळी खातात. त्यांना छपरावरच्या उन्हाचा उपयोग कमी. तिच्या घरात मात्र ऊन असेपर्यंत मशीन चालू. म्हणजे तयार होईल तिथेच वीज खपणार, आणि उरेल ती कार्यालयाकडे जाऊन बिलातून वजा होणार. विक्रेता छाती ठोकून सांगत होता, चार वर्षांत पैसे वसूल. तिने सात धरली.

"अहो ताई, ऊन फुकट आहे!" विक्रेता म्हणाला.

"ऊन फुकट आहे. तुझं सामान नाही," ती म्हणाली, आणि निवृत्तीच्या पैशांतून चेक लिहिला.

सहा पॅनेल चढली. कागद मंजूर झाले. फक्त येणारी आणि जाणारी वीज वेगवेगळी मोजणारं नवं मीटर तेवढं आलं नाही. कार्यालयातल्या साहेबाने सांगितलं, "साठा संपलाय. तोवर आहे तेच चालेल." ते आकडे दाखवणारं मीटर ती निवृत्त झाल्यावर बसवलेलं. तिच्या वेळच्या मीटरात चाक असायचं, वीज उलटी गेली की चाकही उलटं फिरायचं. हे आकड्यांचं मीटर बाहेर जाणारी वीज मोजणारच नाही, असं तिने धरलं. फार तर उरलेली चार युनिटं फुकट जातील. तिथेच ती फसली.

पहिलं बिल आलं ते आधीपेक्षा मोठं. दुसरं त्याहून मोठं. विक्रेता म्हणाला, तुम्हीच वापर वाढवला असेल. साहेब म्हणाला, ऊन कमी पडलं असेल. दीर काहीच म्हणाला नाही, आणि त्याच्या त्या न बोलण्याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.

"मी चुकले असेन तर चुकले म्हणेन," ती नवऱ्याला म्हणाली. "पण कुठे चुकले ते बघितल्याशिवाय नाही."

तिने दर तासाला मीटर वाचायला सुरुवात केली. वहीत तारीख, वेळ, आकडा. दुपारी ऊन ऐन भरात असताना मीटर संथ चालायला हवं, ते उलट जोरात धावत होतं. पॅनेल आळशी निघाली की काय, असं तिला वाटू लागलं.

मंगळवारी ती कार्यालयात गेली. अकरा ते दोन बाकावर बसून राहिल्यावर साहेबाने आत घेतलं.

"बाई, मीटर खोटं बोलत नाही. तुम्हीच तीस वर्षं लोकांना हेच सांगितलं ना?"

हे मात्र खरं होतं. ती उठून घरी आली आणि चपला काढायच्या आधी मीटरसमोर उभी राहिली. रोज या तीन तासांत चार युनिटं पडायची. आज पाच पडली होती. आभाळ कालच्याइतकंच स्वच्छ होतं.

"काय लावलं होतं? इस्त्री? गिझर?" तिने आत येत विचारलं.

"काही नाही."

"एक युनिट काय वाऱ्याने गेलं?"

नवरा खिडकीकडे बघत राहिला. तेव्हा तिचं लक्ष त्याच्या ओठांकडे गेलं. जांभळट दिसत होते. मशीन चालू होतं, पण नुकतंच चालू केल्यासारखं; डब्यावर हात ठेवला तर गार.

"लावलं काही नाही... उलट बंद केलं," तो शेवटी म्हणाला. "तू बाहेर गेलीस की... बंद करतो. दोन-तीन तास निभतं... तेवढंच बिल कमी."

"कधीपासून?"

"पहिलं बिल आलं... तेव्हापासून."

तिला ओरडायचं होतं. तिने त्याच्या नाकाजवळची नळी सारखी केली, पुन्हा सारखी केली, मग तिसऱ्यांदा.

"परत असं केलंत तर मी त्या मशीनला कुलूप लावीन," ती म्हणाली. "आणि किल्ली तुमच्या भावाकडे देईन."

"तेवढी शिक्षा नको," तो म्हणाला.

ती स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायली. पेला खाली ठेवता ठेवता तिच्या डोक्यात ते वाक्य पुन्हा वाजलं. बंद केलं होतं. मशीन बंद, आणि मीटर जास्त? मशीन तीन तासांत खातं साधारण एक युनिट. आणि मीटर जास्त पळालं तेही बरोबर एक युनिट.

ती धावतच बाहेर आली. "अहो, दहा मिनिटं नळीशिवाय बसाल?"

"आत्ता तर... कुलूप लावत होतीस."

"आता मी सांगते म्हणून. आणि माझ्या डोळ्यांसमोर."

तिने घरातलं सगळं बंद केलं. मशीन, फ्रिज, पंखा. फक्त छपरावरची पॅनेल चालू. मीटरवरचा बारीक लाल दिवा जेवढी वीज वाहील तेवढा लुकलुकतो. घरात एक दिवा पेटलेला नव्हता आणि हा लुकलुकत होता जोरजोरात. तिने पॅनेलचा खटका खाली केला. दिवा थांबला. खटका वर केला. दिवा पुन्हा सुरू. तिने हे पाच वेळा केलं.

वीज कुठल्या दिशेने चाललीय हे त्या मीटरला कळतच नव्हतं. बाहेर गेलेलं प्रत्येक युनिट ते घरात आलं असं धरून बिलात चढवत होतं. आपण वापर जितका कमी करू तितकी वीज बाहेर जास्त जाणार आणि बिल तितकं वाढणार. नवऱ्याने गुदमरत वाचवलेलं ते एक युनिट बिलात आणखी एक होऊन बसलं होतं.

मशीन पुन्हा सुरू करून, नळी लावून, तिने त्याला हे समजावलं.

"म्हणजे मी फुकटचा... निळा पडलो?"

"हो."

"मग सोडू नकोस त्यांना," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी साहेबाने वहीकडे बघितलंही नाही. "तपासणीचा अर्ज करा, शुल्क भरा, आठ आठवडे लागतील. तोवर बिल भरावं लागेल, नाहीतर जोडणी तुटेल."

"घरात ऑक्सिजनवर माणूस आहे."

"नियम सगळ्यांना सारखा, बाई."

"बरं," ती उठत म्हणाली. "मग सगळ्यांनाच घेऊन येते."

त्या आठवड्यात ती आपल्या जुन्या फेरीवर निघाली. गुडघे कुरकुरत होते, पण कुठल्या घराचं मीटर कुठल्या कोपऱ्यात हे पायांना पाठ होतं. सोलर बसवलेली सात घरं तिला माहीत होती. प्रत्येक दारात तिने एकच सांगितलं, सगळं बंद करा, पॅनेल चालू ठेवा, लाल दिवा बघा. तीन ठिकाणी दोन्ही दिशा मोजणारं नवं मीटर होतं. आणखी तिघांकडे तिच्यासारखाच प्रकार. एका शिक्षिकेने तर बिल वाढलं म्हणून मुलांना अभ्यासाला टेबलावरचा दिवाही लावू दिला नव्हता.

सातवं घर गॅरेजवाल्याचं. त्याने पॅनेल उतरवून मोटारसायकलींवर सावलीला टाकली होती. वर ग्रीसचे हात उमटलेले. जुनी बिलं त्याने खिळ्याला अडकवून ठेवली होती. तिने ती महिन्यावार लावली, आणि पॅनेल होती त्याच महिन्यांत आकडा फुगलेला सरळ दिसला.

"म्हणजे माझं सोलर चांगलं चालत होतं?" त्याने विचारलं.

"चांगलं चालत होतं, म्हणून तर बिल वाढलं."

त्याने अशी एक शिवी हासडली की शिक्षिका असती तर तिने कान धरला असता. "आणि मी गावभर सांगत सुटलो, सोलर म्हणजे लुबाडणूक!"

दिराच्या फाईलमधला सगळ्यात भक्कम पुरावा तो हाच.

सोमवारी अकराला पाच जण कार्यालयात उभे राहिले. साहेबाने अर्जांचे पाच कोरे कागद पुढे केले. मीटरबाईने ते उलटे करून टेबलावर ठेवले.

"अर्ज नंतर. आधी चला माझ्या अंगणात. आत्ता ऊन आहे."

"मला असं कुठेही उठून येता येत नाही."

"मी तीस वर्षं उठून गेले. जिन्याखाली, गोठ्यात, गटाराच्या कडेने. तुम्हाला तर मी खुर्ची देईन बसायला!"

आवाज चढले तसे आतल्या खोलीतून वरिष्ठ इंजिनीअर बाहेर आले. त्यांनी वही मागितली आणि उभ्या उभ्या चार पानं वाचली. मशीन बंद असलेल्या त्या मंगळवारच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. "चला," ते म्हणाले आणि स्वतःची बॅग उचलली.

अंगणात खटके त्यांनी स्वतःच्या हाताने खालीवर केले. लाल दिव्याकडे बघताना कपाळावर आठ्या चढत गेल्या. "याला दिशाच कळत नाही," ते पुटपुटले. "हे इथे ठेवायलाच नको होतं."

"हे लिहून द्या," मीटरबाई म्हणाली.

त्यांनी लिहून दिलं. तीन आठवड्यांत चार घरची मीटरं बदलली आणि पाचही जणांची बिलं दुरुस्त झाली. गॅरेजवाल्याची उतरवताना तडकलेली दोन पॅनेल मात्र कोणी भरून दिली नाहीत, आणि साहेब आपल्या खुर्चीवरच राहिला. त्याने पाठवलेल्या पावतीवर 'ग्राहकाच्या विनंतीवरून मीटर बदलले' असं छापलं होतं. मीटरबाईने ती ओळ खोडली, वर 'चुकीचे होते म्हणून बदलले' असं लिहिलं आणि मगच सही केली. पावती घेऊन आलेला माणूस गालातल्या गालात हसला.

मग विक्रेता आला. त्याला तिचा फोटो हवा होता, छपराखाली उभी, वर मोठी अक्षरं: बिल शून्य!

"शून्य कुठे आहे? संध्याकाळी मी वीज विकतच घेते. आणि माझी वीज ते अर्ध्या भावाने घेतात, तेही लिही."

"तेवढं कोण वाचतं, ताई?"

"मी वाचते," ती म्हणाली. फोटो राहिला.

दीर पुन्हा आला, या वेळी फाईल न घेता. जरा घुटमळून म्हणाला, "वहिनी, आमच्या छपरावर किती पॅनेल बसतील?"

तिने त्याच्याकडून वर्षभराची बिलं मागवली, छपरावर चढून बघितलं. शेजारच्या इमारतीची सावली दुपारनंतर अर्ध्या छपरावर यायची, आणि घरात दिवसभर कोणी नसायचं. "तुम्हाला परवडणार नाही," तिने सांगून टाकलं. तो जरा हिरमुसलाच. एवढा पाणउतारा सोसून विचारायला आलो आणि ही बाई नको म्हणते! शिक्षिकेला मात्र तिने आणखी दोन पॅनेल टाकायला लावली, कारण ती घरीच शिकवण्या घ्यायची.

थंडी सुरू झाली तसं नवऱ्याचं दुखणं वाढलं. डॉक्टरांनी सांगितलं, आता मशीन झोपेतही लागेल. चोवीस तास. म्हणजे रात्रीची सगळी वीज विकत. दिराने तिला अंगणात गाठून हळूच म्हटलं, "वहिनी, मग तुमची ती सात वर्षं?"

"ती सातच आहेत. दिवसाचं तेवढंच वाचतं, बिल मात्र वाढलं. आणि आमच्यापुढे वर्षं किती आहेत तेही मला ठाऊक नाही."

"मग?"

"मग काय? पॅनेल वर आहेत, ऊन पडतंय. रोजची आठ युनिटं माझी आहेत, ती कोणाच्या बापाला मागावी लागत नाहीत. परवडतं की नाही ते मी दर महिन्याला नव्याने मांडीन. पण मशीन बंद करून परवडवायचं नाही, हे ठरलं."

आतून नवऱ्याने हाक मारली, "मीटरबाई! भावाला सांग... चहा घेऊन जा म्हणावं." ती आत गेली, आणि जाता जाता मीटरकडे एक नजर टाकून आकडा मनात धरला.