जोड जमवायला या

माझ्या बहिणीचं लग्न मी कुस्तीच्या एका निरोपावर जमवलं, आणि हे माझ्या लक्षात आलं तेव्हा साखर वाटून झाली होती.

मुद्दाम काही केलं नव्हतं हो! हे मी आजवर इतक्या जणांना सांगितलं आहे की आता नुसतं तोंड उघडलं तरी दम लागतो.

खापरचा सुपडू आणि मी यांचं वैर सगळ्या तापीकाठाला ठाऊक होतं. वैर म्हणजे आखाड्यापुरतं. सारंगखेड्याच्या जत्रेत आमची कुस्ती लागली की घोड्यांचे सौदे थांबायचे. (असं मी म्हणतो. घोडेवाल्यांना तसं काही आठवत नाही.) दोनदा लढलो आणि दोन्ही वेळा दिवस मावळला म्हणून पंचांनी सोडवली. सुटल्यावर आम्ही एकाच ताटात भाकरी-भरीत खायचो आणि एकमेकांच्या खोडी सांगायचो.

"भिकाभाऊ, तुन्हा डावा पाय कच्चा शे," तो म्हणायचा. मी वर्षभर घाम गाळून तो पाय पक्का करायचो, की पुन्हा बरोबरी! स्वतःच आपली खोड दुरुस्त करून देणारा शत्रू कुणाला मिळतो?

तिसऱ्या वर्षी मात्र निकाल लावायचाच असं मी ठरवलं. आदल्या खेपेला पंचांवरून तंटा झाला होता, म्हणून कापसाच्या गाडीवानाबरोबर मी निरोप धाडला, "यंदा आपली जोड पक्की जमली पाहिजे. पंच ठरवायचेत, घरची मोठी माणसं घेऊन ये."

गाडीवान खापरला पोचेपर्यंत त्यातले पंच वाटेत कुठेतरी सांडले. त्याने जाऊन सांगितलं, "भिकानी सांगं, जोड जमाडनी शे. मोठा मानसंस्ले लई या."

आता पैलवानांची लावतात तीही जोड आणि नवरानवरीची जमवतात तीही जोड. त्यात आमच्याकडे लग्नाची बहीण कौतिक, आणि सुपडू बिनलग्नाचा. त्या लोकांनी काय समजावं?

मी शेतातून आलो तर दारात बैल जुंपलेल्या दोन दमण्या उभ्या, ओसरीवर फेटेच फेटे, आणि आत बायका कौतिकच्या ओटीत नारळ घालतायत! सुपडू कोपऱ्यात नवरीसारखा मान खाली घालून बसला होता.

"अरे, पंच ठरवायचे होते ना?" मी कुजबुजलो.

"माले काय माहीत? बाप बोलना, नवं धोतर घाल. घाली लिधं!"

एवढ्यात आप्पांनी (म्हणजे माझ्या वडिलांनी) माझ्या पाठीवर थाप मारली. "भिका, तू ते बैल नई, मानूस निंघना रे!" दोन वर्षं ते कौतिकसाठी स्थळं शोधून टेकीला आले होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझं कौतुक केलं, तेही मी न केलेल्या गोष्टीसाठी. खरं काय ते सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, तर मायनं त्यात साखर कोंबली.

मी कौतिककडे पाहिलं. ती सुपडूकडे पाहत होती. आता गोष्ट माझ्या हातात उरली नव्हती.

लग्न ठरलं माघात, आणि कुस्ती होती मार्गशीर्षात. म्हणजे गावाला निकाल हवा, मला जिंकायचंय, आणि समोर घरचा होणारा जावई! आमच्याकडे जावयाला पाटावर बसवतात, त्याच्या पाया पडतात. त्याच्या पाठीला माती लावायची?

"त्याले पाडशी ते माले तोंड दखाडू नको," कौतिकनं बजावलं.

"तू हारना ते गावले तोंड दखाडू नको," तालमीतल्या पोरांनी बजावलं.

मी हळूच सुपडूला म्हटलं, "यंदा राहू दे का?"

तो भडकलाच. "आखाडामा कोनी जवाई नई, कोनी साला नई! तू हात राखी लढना ते मी लगीनच मोडी टाकसू!"

झोपच उडाली माझी. पण त्याचं म्हणणं पटलं. ठरवलं, लढायचं ते मनापासून.

आखाड्यात उतरतानाच आप्पांनी दंड धरला. "पह्यले पाया पडजो. जवाई शे तो. मंग काय करानं ते कर."

इथे एक सांगायला हवं. माझा हुकमी डाव होता पट. खाली वाकायचं, समोरच्याचे पाय ओढायचे, संपलं. सगळ्या जिल्ह्याला माहीत.

शिट्टी झाली. मी भक्तिभावाने वाकलो आणि जावयाच्या पायांकडे दोन्ही हात नेले.

पुढच्या क्षणी मला आभाळ दिसलं.

पंच ओरडले, "चीत!" पोरांनी सुपडूला खांद्यावर घेतलं. तो वरूनच हातपाय झाडत होता. "अरे सोडा! तो पाया पडी ऱ्हायंता! माले वाटनं पट काढी ऱ्हायना!"

झालं! तोवर मी नुसता हरलो होतो. आता सगळ्या जत्रेला कळलं की मी पाया पडून हरलो.

"कुस्ती परत लावा," सुपडू पंचांशी भांडू लागला.

"पाठ लागनी ते लागनी," पंच म्हणाले.

"मंग हाई घ्या!" असं म्हणून तो गडी सरळ माझ्या शेजारी येऊन उताणा पडला! "मन्ही बी लागनी. बरोबरी!"

माझे डोळे भरून आले. असा मित्र, असा खेळाडू! आम्ही दोघं मातीत पडल्या पडल्या हात हातात धरला, आणि तेवढ्यात आप्पा धापा टाकत तिथे पोचले. आधीचं त्यांना गर्दीत काहीच दिसलं नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं, की जावई उताणा आणि शेजारी मी.

तेव्हापासून जत्रेत मी सुपडूकडून हरलेला पैलवान आहे, आणि घरात सुपडूला पाडणारा राक्षस. दर दिवाळीला तो आला की पहाटे माय माझ्या हातात तेलाची वाटी देते.

"चोळ पाठ. तूच माती लावी ना?"

सुपडू पाटावर बसून खरं काय ते पुन्हा सांगतो. माय म्हणते, "पोरगा किती गुनी! कसा सालानी बाजू ली ऱ्हायना!" आणि मी पाठ चोळत राहतो.