रंग उतरला तर पास

तुपाच्या वाती निम्म्या वळून झाल्या होत्या. आमचे हे समोर बसून एकेक वात उजेडात धरत होते. "ही मधे बारीक आहे. नापास." बरखेड्याच्या कारखान्यात हे आयुष्यभर तपासनीस. निवृत्तीनंतर तपासायला उरल्या वाती, पोळ्या आणि मी.

कारखान्यात लोखंडी जोडावर तांबडा रंग लावायचा, पुसायचा, वर पांढरी पूड फवारायची. पुडीत तांबडी रेघ उमटली की आत भेग, तुकडा परत. ही कथा जावई दर भेटीला ऐकतात.

वाती तशाच ठेवून आम्ही दवाखान्यात गेलो. ह्यांच्या डोक्यात गाठ निघाली होती. साधी आहे, पण काढायलाच हवी, असं डॉक्टर रेवती म्हणाल्या. "आणि काका, ऑपरेशनच्या वेळी मेंदूच्या आवरणाशी थोडा रंग सोडू का? मेंदूतला मळ मानेकडे कसा वाहून जातो, त्याचा आम्ही अभ्यास करतोय. नाही म्हणालात तरी ऑपरेशन होईलच."

"रंग मानेत दिसला तर?"

"छानच की."

"इकडे लावलेला रंग तिकडे निघाला, म्हणजे गळती," म्हणत हे उठलेच. घरी येऊन जाहीर केलं, ज्यांना गळती कळत नाही त्यांच्या हाती डोकं देणार नाही.

रंगाचं निमित्त होतं. भीती ऑपरेशनची होती. पण तपासनीस घाबरला असं म्हणायची सोय नाही. मी गणपतीला दिव्यांचा नवस बोलले आणि ह्यांना म्हटलं, "अहो, मोरीत पाणी ओतून बघतो ना आपण? पलीकडे निघालं तर मोरी पास."

"माझ्या डोक्याला मोरी म्हणतेस?"

"वाहती असेल तर म्हणेन."

हे रात्री जेवले नीट. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन आणि रंग, दोन्हींच्या कागदांवर सही केली, आधी पेन तपासून.

शुद्धीवर आल्यावर पहिला शब्द ना देवाचा, ना माझा. "निघाला का?"

"कॅमेऱ्यात दिसला, काका. थेट मानेपर्यंत. आणि गाठही पूर्ण निघाली."

"रिपोर्टवर पास लिहा."

"यात पास-नापास नसतं हो."

"मग तपासणी कसली?"

आता पट्टी बांधून घरी बसलेत. येईल त्याला मानेवर बोट ठेवून "इथवर" दाखवतात. गाठीचं कोणी विचारलं तर विषय बदलतात. मी राहिलेल्या वाती नवसाच्या दिव्यांसाठी वळायला बसले, तर हे पुन्हा समोर. इतक्या नापास केल्या की कापूस संपला. मी तो पिपलानीच्या बाजारातून आणायला निघाले आहे.