आबांचं सांगून होईपर्यंत

विद्यापीठाच्या जालन्यातल्या केंद्रात प्रसिद्धीचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा आमच्या पेजवर फक्त सत्कार होते. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, आणि एकाच ओळीत उभी असलेली तीच ती माणसं. लाइकही त्याच माणसांचे यायचे. माझी तक्रार नव्हती. वाटूरच्या शाळेतून निघून, घरात पहिल्यांदा पदवी घेऊन, टेबल-खुर्ची मिळालेली मी. मला त्या शालींचे फोटोसुद्धा मन लावून टाकावेसे वाटायचे.

मग आमचे सर एका कार्यशाळेला जाऊन आले आणि बदलून गेले.

"आपण बातमी देतो, गोष्ट सांगत नाही," ते म्हणाले. "माणूस दाखवा. आणि पहिल्या तीन सेकंदांत पकडा. नाहीतर लोक अंगठा वर सरकवून पुढं जातात."

मी ते मनावर घेतलं. त्या उन्हाळ्यात एम.ए.चे निकाल लागले आणि आमच्याच केंद्रातली एक मुलगी भूगोलात विद्यापीठात पहिली आली. मेंढपाळाची मुलगी. माझ्याआधी सरांच्याच लक्षात आलं, की अशी गोष्ट पुन्हा मिळणार नाही. मी तिचा फोटो काढला, चार ओळी लिहिल्या, आणि बटण दाबणार तेवढ्यात ती म्हणाली, "मॅडम, आत्ता नका टाकू."

"का गं?"

"आबांना मला सांगायचंय. माझ्या तोंडानं. फोन लागत नाही त्यांचा. चार्जिंगच नसते."

आबा म्हणजे तिचे वडील. पेरणीच्या आधी रानं मोकळी असतात, तेव्हा शेतकरी खतासाठी आपल्या शेतात मेंढ्या बसवून घेतात. आबांच्या मेंढ्या तेव्हा केदारखेड्याच्या शिवारात होत्या. तिची आई ती लहान असतानाच गेलेली. आबांनीच तिला आधी आत्याकडे, मग होस्टेलला ठेवून शिकवलं होतं.

सर म्हणाले, "उद्या पेपरात येईल. मग आपलं शिळं होतं."

मला माझा बी.ए.चा निकाल आठवला. माझे वडील तेव्हा वाटूर फाट्यावर टेम्पोत सोयाबीनची पोती चढवत होते. मी पळत गेले आणि त्यांच्या पाठीवर पोतं असतानाच सांगून टाकलं. त्यांनी पोतं खाली ठेवलं, घाम पुसला आणि म्हणाले, "आता परत सांग." ते दुसऱ्यांदा सांगणं मी अजून विसरले नाही.

"सर, संध्याकाळपर्यंत थांबू," मी म्हणाले. "मी हिला घेऊन जाते."

माझ्या स्कूटीवर आम्ही निघालो. राजूर येईपर्यंत ती मागे बसून मैत्रिणींना फोन करत होती. एकीनं स्टेटसला हिचा फोटो फुगे लावून ठेवला होता.

"काढ ते! आधी काढ! अगं, आमच्या गावातले पाहतील ना! ... अभिनंदन नंतर कर, आधी काढ!"

केदारखेड्याच्या अलीकडे एका हॉटेलावर थांबलो. मेंढ्या कुठल्या रानात आहेत, हे हॉटेलवाल्या मामांना नक्की ठाऊक असणार होतं. मामांनी आमच्याकडे पाहिलं, मग हातातल्या मोबाईलकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"ही तूच का गं? फुगेवाली?"

तिचा चेहरा पडला. "मामा, आबांना सांगितलं तुम्ही?"

"न्हाई ना! आबा आताच पानी भरून घ्यायला आल्ता. तो गेला अन् मंग कुनीतरी हे धाडलं मोबाईलवर, त्याच्या नावासकट. जाऊन सांगावं म्हनून उठूनच राह्यलो होतो मी."

"बसा मामा, खाली बसा!" ती ओरडलीच. "मी सांगणारे."

"बरं बरं, बसलो. पर जल्दी जा. माझ्या पोटात ऱ्हात न्हाई काही."

नदीच्या अंगाला, कपाशीच्या रिकाम्या रानात मेंढ्या बसल्या होत्या. आबा एका मेंढीला गुडघ्यात दाबून तिच्या खुरातला काटा काढत होते. आम्हाला पाहून ते उठले नाहीत, काटा अर्धाच निघाला होता.

"सुट्टी हाये का?" ते म्हणाले.

"आबा, मी पहिली आले."

"कशात?"

"एम.ए.त. विद्यापीठात."

"सगळ्या कॉलेजात?"

"सगळ्या."

"पोराइतबी?"

"पोरांतबी."

आबांचे गुडघे सैल पडले. मेंढी सुटली आणि काट्यासकट पळाली. आबांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी पटका काढला, त्यानंच डोळे पुसले, आणि तो पुन्हा बांधायला लागले. बांधून झाल्यावर त्यांना तो पसंत पडला नाही, म्हणून पुन्हा सोडला. मुलगी हसत होती आणि रडत होती. मी मोबाईल बाहेर काढला.

"हे काय करून राह्यल्या, मॅडम?"

मी त्यांना समजावून सांगितलं. आता फोटो टाकते, घडीभरात सगळ्या जिल्ह्याला कळेल.

"सगळ्याइला?"

"सगळ्यांना, आबा."

त्यांनी सोडलेला पटका पुन्हा डोक्याला गुंडाळला.

"मंग मी कोनाला सांगू?"

याचं उत्तर सरांच्या कार्यशाळेत कोणी दिलेलं नसावं. मी मोबाईल खाली घेतला.

"जरा दम धरा, मॅडम," आबा म्हणाले. "मला आधी फिरून येऊ द्या." त्यांनी शेजारच्या शेतकऱ्याला मेंढ्यांकडे बघायला सांगितलं, त्यालाच पहिल्यांदा बातमी दिली, आणि आम्ही तिघं गावाकडे चालत निघालो. मी स्कूटी ढकलत होते.

मामांच्या हॉटेलात गर्दी होती. आबा मधोमध उभे राहिले, खाकरले आणि म्हणाले, "माझी पोरगी पहिली आली. एम.ए.ला."

मामा अंगावर पाणी पडल्यासारखे दचकले. "हौ? काय सांगतो, आबा!" ते गल्ल्यावरून उठून बाहेर आले. "कव्हा? अन् मला काहीच पत्ता न्हाई!" आबांच्या खांद्यावरून त्यांनी आमच्याकडे हळूच पाहिलं. ज्यांनी मघाशी मामांचा मोबाईल पाहिला होता, त्या सगळ्यांनीच "हौ का!" केलं.

मी आबांना विचारलं, "तुमचं हे सांगणं मोबाईलात घेऊ का?"

"घ्या की. पर मधी थांबवू नका."

पुढे पिठाच्या गिरणीवर आबांनी सांगितलं, "जिल्ह्यात पहिली." खताच्या दुकानात ते झालं, "मराठवाड्यात पहिली, बिलकुल." शाळेजवळ पोचेपर्यंत पोरगी महाराष्ट्रात पहिली आली होती.

"आबा, विद्यापीठात. महाराष्ट्रात न्हाई," ती कानाशी लागून म्हणाली.

"गप बस. तिथवरबी जाशील."

तेवढ्यात सरांचा फोन आला. "टाकलं का?"

"नाही सर. अजून आबांचं सांगणं चाललंय."

"किती वेळ?"

मी बघितलं. एका ओट्यावर बसलेल्या बायांनी आबांना पहिल्यापासून सांगायला लावलं होतं. "वेळ लागेल, सर," मी म्हणाले.

उन्हं कलल्यावर आबाच म्हणाले, "आता टाका तुमचं." मामांच्या हॉटेलातलं ते पहिलं सांगणं मी टाकलं. खाली नीट लिहिलं: एम.ए. भूगोल, विद्यापीठात प्रथम.

सर फोनवर म्हणाले, "अहो, पहिले तीन सेकंद नुसतं खाकरणं आहे."

"कापू का?"

त्यांनी पुन्हा पाहिलं असावं. "नको," ते म्हणाले. "राहू दे."

आमच्या पेजवर तेवढी माणसं त्याआधी कधी आली नव्हती. लोक आपापल्या घरातली पहिली पदवी कोणाची, ते खाली लिहीत होते. मी ते सगळं वाचत बसले, प्रत्येकाला उत्तर दिलं, माझ्या वडिलांचं पोतंही लिहिलं. तेव्हापासून कोणाचीही बातमी हाती आली की मी आधी विचारते, "घरी सांगितलं का?"

काही दिवसांनी एका अनोळखी नंबरवरून आबांचा फोन आला. ते पिंपळगाव रेणुकाईला बहिणीकडे गेले होते. ज्या आत्याकडे पोरगी लहानाची मोठी झाली, तिच्याकडे.

"मॅडम, बहिनीनं आधीच पाह्यलं व्हतं मोबाईलवर."

मला चुटपुट लागली. "मग राहिलं का सांगायचं, आबा?"

"न्हाई, न्हाई. ती म्हनली, ते मोबाईलातलं ऱ्हाऊ दे, दादा, तू सांग. मंग बसून सगळं बराबर सांगितलं."

"काय सांगितलं?"

"महाराष्ट्रात पहिली," आबा म्हणाले, आणि मागून आत्याचं हसणं ऐकू आलं.