मुक्ताचं वाक्य

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात माझ्या मुलीने डॉक्टरांच्या कोटाची बाही मुठीत घट्ट धरली होती. ते दृश्य अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

मुक्ता नऊ वर्षांची, स्वमग्न. इतर मुलं खेळता खेळता जे सहज उचलतात, ते तिला एकेक करून शिकवावं लागतं. शिंपी कपडे शिवतो, पोस्टमन पत्रं आणतो. आपल्याला हे कुणी आणि कधी शिकवलं, ते आठवतही नाही. माझे वडील, तिचे आबा, रोज संध्याकाळी चित्रं घेऊन तिच्यासमोर बसत.

"मुक्ता, डॉक्टर काय करतात?"

ती खिडकीबाहेर बघत राही. चार महिन्यांनी एकदा उत्तर आलं, "डॉक्टर आजारी माणसाला बरं करतात." आबा धावतच मला सांगायला आले.

मग आबाच आजारी पडले. आठव्या दिवशी डॉक्टर बाहेर येऊन हलकेच म्हणाले, "खूप प्रयत्न केले. आबा गेले."

अनोळखी माणसाशी कधीही न बोलणारी मुक्ता पुढे झाली. त्यांची बाही धरून स्पष्ट म्हणाली, "डॉक्टर आजारी माणसाला बरं करतात."

डॉक्टर खाली वाकले. "हो बाळा. पण दर वेळी जमत नाही गं."

त्यांचं उत्तर चुकलं असावं, अशा समजुतीने तिने तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

शिकलेलं तिने आपणहून, योग्य जागी, योग्य माणसापाशी बोलावं, याची आम्ही किती वर्षं वाट पाहिली होती. ते आज घडलं होतं, आणि धावत जाऊन ज्यांना सांगावं, ते आबाच उरले नव्हते.