दोन बटाटे, एक आवाज

फोन आला तेव्हा नळाला पाणी आलं होतं, तेही आठवड्यानं. शैला गेली, एवढंच तिचे यजमान अशोकभाऊजी बोलले. मी बरं म्हटलं, ड्रम भरला, आणि मग रडत बसले... काय करणार, या वयात रडायलासुद्धा नंबर लावावा लागतो.

शैला मूळची वैजापूरची. आम्ही एकाच शाळेत शिकवलं. ती विज्ञान, मी गणित. निवृत्तीनंतर सिडकोतल्या तिच्या इमारतीखाली, पार्किंगमध्ये, ती आसपासच्या अकरावीच्या पोरांना फुकट शिकवायची. पडणाऱ्या आणि फेकलेल्या वस्तूंची गणितं आली की पोरं दरवर्षी तिथंच अडायची. एक दगड सरळ खाली सोडला, दुसरा त्याच उंचीवरून आडवा फेकला, तर आधी कुठला पडेल? सोडलेला, असं सगळी म्हणायची. दुसऱ्याला लांब जायचंय ना! मग शैला मला खाली पोरांजवळ उभं करायची आणि दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून दोन बटाटे एकदमच टाकायची, एक नुसता सोडून, एक आडवा भिरकावून. धप्प... एकच आवाज. "आडवा फेकला म्हणून धरती काय सुट्टीवर गेली व्हय?" असं वरूनच विचारायची. ठेचलेल्या बटाट्यांची भाजी व्हायची आणि ती खाताना भाऊजी कुरकुरायचे.

ती गेली आणि भाऊजींनी गॅलरीचं दार लावून घेतलं. कपडेसुद्धा आतच वाळत. इकडे धडा अर्धवट राहिलेला, म्हणून पोरं माझ्याकडं आली. खरं सांगते, अजिबात इच्छा नव्हती. गुडघे बोलतात, जीव शिणलाय, आणि ती जागा तिची. तरी गेले. फळ्यावर सगळं सोडवून दाखवलं. पोरांनी माना डोलावल्या, पण पटलं कुणालाच नव्हतं. एक मुलगी म्हणालीच, लांब जाणाऱ्याला जास्त वेळ नको का लागायला?

जिने चढणं माझ्यानं होईना. खालूनच भाऊजींना फोन लावला, गॅलरीतून दोन बटाटे टाकाल का म्हणून विचारलं. ते म्हणाले, "मला नाय जमायचं ताई." मीही आग्रह केला नाही. तेवढी ताकदच नव्हती.

पोरं दप्तरं आवरत होती, तेवढ्यात वर कडी वाजली. भाऊजी बनियनवरच बाहेर आलेले, दोन्ही हातांत बटाटे.

धप्प... धप्प.

"मॅडम, दोन आवाज आले," ती मुलगी हळूच म्हणाली.

भाऊजी कठड्यावरून वाकले. "थांबा रे पोरांनो. तिचं बरोबर हाय, माझा हात चुकला. अजून बटाटे आणतो."

ते आत गेले. दार उघडंच होतं.