आठव्या दिवसाचं दुखणं

माझी माय दाई होती. किरनापूरच्या रस्त्यावरून आत दोन कोस चाललं की आमचं गाव लागायचं आणि गावाच्या टोकाला आमची वस्ती. वस्तीतलीच नव्हे, तर वरच्या आळीतल्या शेतकऱ्यांच्या घरचीही बहुतेक लेकरं मायच्या हातावर जन्मलेली. ज्या घरात तिला एरवी ओसरीवर चढू देत नसत, त्या घरात बाळंतपणाच्या वेळी ती थेट आतल्या खोलीत जायची. बाळंतीण उठून बसली की माय पुन्हा अंगणात.

तिच्याजवळ दोनच गोष्टी होत्या, तिचे हात आणि धान कापायचा इळा. तो इळा पदराला पुसून ती नाळ कापायची आणि चुलीतली थंड राख बेंबीवर दाबायची. तिच्या मायनं तसंच केलं होतं, आजीनंही. राखेनं जखम लवकर वाळते, असं ती म्हणायची.

काही लेकरं आठव्या दिवशी जायची. चांगलं दूध ओढणारं बाळ एकाएकी तोंडच उघडेनासं व्हायचं. दातखीळ बसावी तसा जबडा बसायचा, अंग ताठ व्हायचं, नुसता हात लावला तरी झटके यायचे. मग एक-दोन दिवसांत सगळं संपायचं. त्या दुखण्याला आमच्याकडे वेगळं नाव नव्हतं. 'आठवं लागलं' एवढंच म्हणायचे. ते लागू नये म्हणून पाचव्या दिवशी सटवाईची पूजा व्हायची.

मी आठ-नऊ वर्षांची असताना आमच्या वस्तीतली माणसं नागपूरला गेली आणि बौद्ध होऊन परत आली. घरोघरचे देव टोपल्यांत भरून नाल्यात सोडले गेले. त्या दिवसापासून मायनं सटवाईची पूजा बंद केली. "आता दगडापुढं डोकं नाही ठेवाचं," ती बायकांना सांगायची आणि सांगताना तिची मान ताठ असायची.

दोनेक वर्षांनी माझी मोठी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिला मुलगा झाला, मायच्याच हातावर. मायनं वस्तीभर गूळ वाटला. आठव्या दिवशी सकाळी त्यानं तोंड मिटलं आणि नवव्या दिवशी तो गेला.

बहिणीच्या सासरी अजून देव सोडलेले नव्हते. तिची सासू आली ती अंगणातच उभी राहिली. "देव सोडले ना? भोगा मंग," एवढंच ती बोलली आणि सुनेला घेऊन गेली. वरच्या आळीतही तेच बोलणं सुरू झालं. माय प्रत्येकाला एकच उत्तर द्यायची, "देव होते तवा बी मरतच होते." ते खरंच होतं. पण उत्तर देऊन झालं की ती घराच्या मागे जाऊन एकटीच बसायची.

मी बालाघाटला वसतिगृहात राहून मॅट्रिक झाले. आमच्या वस्तीतली मी पहिली मुलगी. लागोपाठ दोन वर्षं पावसानं दगा दिला होता आणि त्याच सुमारास परदेशातल्या एका संस्थेनं आमच्या भागात एक नर्स पाठवली होती. उंच, भुऱ्या केसांची, पंचविशीतली बाई. सुती लुगडं घोट्याच्या वर खोचून सायकलवर गावोगाव फिरायची. उन्हानं तिचे हात टोमॅटोसारखे लाल व्हायचे. ती हिंदी शिकून आली होती, पण ती पुस्तकातली. लेकराला 'शिशु' म्हणायची, नाळेला 'नाभि-नाल'. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, "हे तं रेडिओवानी बोलते व!" म्हणून तिला सोबत आमच्या बोलीत सांगणारी मुलगी हवी होती. ते काम मला मिळालं.

माणूस म्हणून ती फार चांगली होती. वस्तीत येऊन पाणी मागायची आणि आमच्या लोट्यानं प्यायची. गावात अजून कोणी तसं पीत नव्हतं. एकदा तिच्या देशातल्या एका लहान गावातून खोकं आलं. तिथल्या बायकांनी आमच्या लेकरांसाठी लोकरीच्या टोप्या विणल्या होत्या. आत एक चिठ्ठी होती. नर्सबाईनं ती मला हिंदीत सांगितली आणि मी सगळ्यांना ऐकवली. 'तुमची बाळं आम्ही पाहिलेली नाहीत, पण थंडी आम्हाला ठाऊक आहे.' माय बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिली. "न पाह्यता इणलं," ती म्हणाली. "आपल्या शेजारणी पाहून बी नाही इणत." मग वस्तीतल्या बायकांनी मिळून एक गोधडी शिवली आणि नर्सबाईमार्फत त्या गावाला पाठवली. पहिला टाका मायनं घातला होता.

त्यानंतर महिन्याभरातली गोष्ट. नर्सबाईनं विहारात बायकांची बैठक बोलावली. आमचा विहार म्हणजे कवेलूच्या छपराची एक मोठी खोली. दुपारची वेळ होती. तीस-चाळीस बायका जमल्या, वरच्या आळीतल्याही चार-पाच जणी दाराजवळ येऊन बसल्या. माय सगळ्यांत पुढे होती. दाई म्हणून तिचा मान होता.

नर्सबाईनं पत्र्याचा एक डबा उघडला. त्यात साबण, दोरा आणि कागदात गुंडाळलेली नवी पाती होती. बैठकीत काय सांगणार आहे ते तिनं मला आधी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

ती म्हणाली, "आठवें दिन का रोग देवता का कोप नहीं है."

मी मोठ्या आवाजात सांगितलं, "बाई म्हणते, आठवं देवाच्या रागानं नाही लागत."

बायकांत कुजबुज झाली. सगळ्यांच्या नजरा मायकडे वळल्या. दहा वर्षं ती जे सांगत आली होती तेच आज साता समुद्रापलीकडची शिकलेली बाई सांगत होती. माय ताठ बसली. तिनं मागे वळून दारापाशी बसलेल्या बायकांकडे पाहिलं. तिचा चेहरा असा उजळलेला मी त्याआधी पाहिला नव्हता, त्यानंतरही नाही.

नर्सबाई पुढे बोलली, "यह रोग हँसिया से आता है, जिससे नाभि-नाल काटते हैं. राख से आता है. दाई के हाथ से शिशु के शरीर में जाता है."

मी मायकडे पाहिलं. नर्सबाई वाट पाहत होती. "बताइए," ती हळूच म्हणाली.

मी खाली पाहत सांगितलं, "इळ्यानं लागते. राखेनं लागते." तिसरं वाक्य मी गिळलं.

 मग मायचा आवाज आला, "अन् हात बी म्हणाली ना थे? पुरं सांग."

"हौ, माय. हात बी."

तिनं पदर सावरला आणि बैठक संपेपर्यंत हलली नाही. साबण कसा लावायचा, पातं आणि दोरा किती वेळ उकळायचा, ते सगळं तिनं नीट ऐकलं. तिच्याकडे न पाहता मी सांगत राहिले.

घरी आल्यावर ती चुलीपुढे बसली. चूल पेटवली नाही. "देवाचा राग नव्हता," ती म्हणाली. "तं मंग माहा हात होता."

"माय, तुले का मालूम होतं?"

"मालूम नव्हतं म्हून का मेलेले जित्ते होते?"

मग ती एकेक घर आठवू लागली. कुंभाराचं पहिलं, विहिरीजवळच्या विधवेचं एकुलतं एक, वरच्या आळीतली जुळी. मी तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला आणि पदराखाली झाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लांजीच्या वाटेनं निघाली. बहिणीचं गाव त्या बाजूला होतं. मला नको म्हणाली, तरी मी मागे गेले. बहीण अंगणात धान पाखडत होती. मायनं पाणीही घेतलं नाही. उभ्यानंच सांगितलं, "तुह्या लेकाले देवानं नाही नेलं. माह्या इळ्यानं गेला थो. तुह्या सासूले बी सांग."

बहिणीचं सूप थांबलं. इतकी वर्षं त्या घरात तिला टोमणे ऐकावे लागले होते. तुझ्या माहेरानं देव बुडवले, म्हणून आमचा वंश गेला. ती खाली बसली आणि रडू लागली. सुरुवातीला मला वाटलं, तिला सुटल्यासारखं झालं असेल. तसं झालंही असेल. पण रडून झाल्यावर ती मायच्या पाया पडली नाही. पोहोचवायला वेशीपर्यंतही आली नाही. पुढे दोन वर्षं ती माहेरी फिरकली नाही आणि मायनं तिला कधी बोलावणं पाठवलं नाही.

मायनं काम बंद केलं. बायका बोलवायला आल्या की ती आतूनच म्हणायची, "किरनापूरच्या दवाखान्यात न्या. मी नाही येत." नर्सबाई मला विचारायची, आई बैठकीला का येत नाही? मी सांगायचे, ताप आहे. ताप किती दिवस चालणार? पण खरं सांगायला माझं तोंड उघडत नव्हतं. सांगितलं असतं तर तिला वाईट वाटलं असतं, एवढंच कारण नव्हतं. मला तिचा रागही आला होता. त्याहून जास्त माझा.

श्रावणात वस्तीतली एक बाई अडली. तिसरं बाळंतपण. आधीची दोन्ही मायनंच केलेली. तिचा नवरा आमच्या दारात येऊन हात जोडून उभा राहिला. माय म्हणाली, "माह्या हाताचं नाव नको घेऊ बापा. बंडी जुंप." बंडी निघाली. नर्सबाई नाल्यापलीकडे होती आणि नाल्याला पूर होता, पाणी उतरायची वाट पाहत बंडी काठावर थांबली आणि तिथेच ती बाळंत झाली. सोबत फक्त नवरा आणि म्हातारी सासू. रक्त थांबेना. बाळ वाचलं. बाई बंडीतच गेली.

तिला परत आणलं तेव्हा माय दारात उभी होती. ती आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

दुसऱ्या दिवशी मी नर्सबाईला सगळं सांगितलं. बैठकीतलं, बहिणीच्या मुलाचं, ताप नव्हता तेही. ऐकताना तिचा चेहरा पांढरा पडत गेला. "मैंने नहीं सोचा," ती म्हणाली. "मैंने बिल्कुल नहीं सोचा." सायकल तिथेच टाकून ती माझ्यासोबत चालत आमच्या घरी आली.

माय उठून बसली. दोघी समोरासमोर जमिनीवर बसल्या. नर्सबाई माफी मागू लागली. तिची सगळी हिंदी विस्कटली होती. माय तिला थांबवून मला म्हणाली, "तिले इचार, तिच्या देशात आठवं लागत होतं का?"

मी विचारलं. नर्सबाईनं मान हलवली. "हाँ. बहुत. मेरी नानी के दो बच्चे."

"मंग तिथं कसं मालूम पडलं?"

नर्सबाईनं थांबून थांबून सांगितलं की तिकडेही आधी खूप मुलं मेली, तेव्हा कोणीतरी कारण शोधलं. तिकडच्या दाया देखील न उकळलेल्या कात्रीनं नाळ कापायच्या आणि त्यांनाही ठाऊक नव्हतं.

माय तिच्याकडे बघत राहिली. "म्हंजे तिथं बी माह्यावानी मायाच होत्या," ती म्हणाली. हे वाक्य हिंदीत करायला मी तोंड उघडलं, पण नर्सबाईला ते आधीच समजलं होतं. ती मायच्या हातावर डोकं ठेवून रडू लागली. मायनं तो हात काढून घेतला नाही.

त्यानंतर मायनं डबा घेतला. पुढची सात-आठ वर्षं तिनं त्या डब्यावर बाळंतपणं केली. पाती उकळून घेतली आणि बेंबीला कशालाही शिवू दिलं नाही. आमच्या गावात आठवं लागायचं थांबलं. लोकांनी तिची स्तुती केली, वरच्या आळीतल्या घरांतून चोळी-लुगडी येऊ लागली. तिनं एकही घेतलं नाही. प्रत्येक बाळाच्या आठव्या दिवशी ती पहाटेच त्या घरी जाऊन दाराशी बसायची. बाळानं दूध ओढलेलं पाहिलं की उठायची. कोणाशी बोलायची नाही. पूर्वी नाळ कापताना ती बाळाशी गमतीनं भांडायची, "आलास का रे, लई वाट पाह्याले लावली!" ते बोलणं मी पुन्हा कधी ऐकलं नाही.

नर्सबाई दोन वर्षं पूर्ण करून गेली. तिला पोहोचवायला मी बालाघाट स्टेशनवर गेले, माय आली नाही. तिची पत्रं येत राहिली, मी उत्तरं लिहीत राहिले. मग तिकडून येणं थांबलं. का ते कळलं नाही.

सत्तर सालानंतर सरकारी खात्यात मला दायांना शिकवायचं काम लागलं. परसवाड्यापासून बिरशापर्यंत मी पायी फिरले. माय त्याच दिवसांत गेली, अंगात रक्त नव्हतं तिच्या. बहीण आली, तिचे दोन मुलगे सोबत घेऊन. दोघेही सासरी जन्मलेले. तिनं मायचे हात कोमट पाण्यानं धुतले, बोटं एकेक करून, बराच वेळ. 

ते बैठकीतलं वाक्य मी मायला आधी घरी, एकटीला सांगू शकले असते. नर्सबाईला विचारलं असतं, आज काय सांगणार, तर तिनं सांगितलं असतं. मी विचारलं नाही. मला वाटायचं, माझं काम फक्त एका बोलीतून दुसऱ्या बोलीत सांगायचं.

म्हणून पुढे कोणत्याही गावात मी दायांना आधी एकत्र बसवलं नाही. प्रत्येकीच्या घरी जायचे, एकटीला गाठायचे. बिरशाकडच्या जंगलातल्या एका पाड्यावर एक म्हातारी दाई होती, गोंड. मी तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, आपल्या हातांकडे पाहिलं आणि हिंदीत म्हणाली, "बाई, तू अब बाहर बैठ."

मी बाहेर मोहाच्या झाडाखाली जाऊन बसले. आत ती, मायसारखीच, एकेक घर आठवत असावी. ऊन कलेपर्यंत मी तिथेच बसून होते.